मलेरियाच्या पोटातला ताप

आजारी माणसांच्या फायली तपासणाऱ्या हापिसात हसण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. नुसता चहा देऊन देऊन माझ्याकडं पोतंभर किस्से साठलेत.

दहिवलीच्या आमच्या हापिसात डॉक्टरनं लिहिलेल्या आजाराला विम्याच्या बिलासाठी कोड, म्हणजे ठरलेला नंबर, लावतात. लक्षणांनाही कोड असतात. कुठलं लक्षण आजारात धरायचं आणि कुठलं वेगळं लावायचं, यावरून रोज भांडण. खालापूरची नाझनीन नवी लागली, तात्पुरती. आमच्या मुख्य सुषमा मॅडम तिची प्रत्येक फाईल पुढं जाण्याआधी तपासायच्या. त्यांचं समाधान झालं तर कायम, नाय तर घरी.

* * *

पहिलीच फाईल मलेरियाची. पोरीनं ताप, थंडी, डोकेदुखी, सगळ्यांना वेगवेगळे कोड लावले.

मॅडम म्हणाल्या, "लग्नपत्रिकेत नवऱ्याचं नाव छापलं, की त्याचे हातपाय वेगळे छापतेस का? ताप मलेरियातच आला."

* * *

पोरगी घाबरली. पुढच्या फायलीत न्युमोनिया, खोकला आणि लघवीतून रक्त. हिनं न्युमोनिया ठेवला, बाकी साफ!

"खोकला काढलास ते ठीक. पण लघवीतलं रक्त? न्युमोनिया तिथपर्यंत कधी उतरला गं?"

* * *

मग ओपीडीतला एक पेशंट. डॉक्टरनं लिहिलेलं, पोटात दुखतंय, अपेंडिक्स असावं. हिनं लावलं अपेंडिक्स.

"'असावं'ला कोड नाही. दुखतंय एवढं पक्कं आहे ना? तेवढंच लाव."

हे मला पटलं. आमच्या गावात 'असावा' एवढ्यावर माणसाला चोर ठरवून मोकळे होतात.

* * *

पुढं मॅडमच मलेरियानं पडल्या. बऱ्या होऊन आल्या त्या तणतणतच. दुसऱ्या दिवशी नाझनीनची मुदत संपत होती.

"नाझनीन, इकडे ये. मला ताप, थंडी, डोकेदुखी आणि चिडचिड. तपासणीत मलेरिया निघाला. काय काय लावशील?"

"मलेरिया. ताप, थंडी, डोकेदुखी त्यातच आली."

"आणि चिडचिड?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी किटलीत बघितलं.

"ती वेगळी लावावी लागेल, मॅडम. ती मलेरियाच्या आधीपासूनची हाय."

हापिसात कुणी माऊस हलवीना.

मॅडमनी सावकाश चहा संपवला. कप माझ्या हातात दिला.

"उद्यापासून तुझ्या फायली सरळ पुढे पाठव. माझ्याकडे नकोत."