शालूने नाव दिलेल्या पेशी

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सियालदहच्या बाजारात तिच्यासाठी परवल निवडत होतो. फोन तिच्या विद्यार्थिनीचा, मौमिताचा. तिने आधी मला कुठेतरी बसायला सांगितलं. बसायला जागा नव्हती... उभ्यानेच ऐकलं. माझी धाकटी बहीण प्रयोगशाळेत काम करता करता कोसळली होती. आईवडिलांमागे कोलकात्याच्या घरात आम्ही दोघंच. लग्नाच्या भानगडीत दोघंही पडलो नाही. आता महिना झाला, मला मराठीत कुणी रागावलेलं नाही.

कर्करोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी गाठीत शिरल्या की लढून लढून थकतात. त्यांना पुन्हा कामाला कसं लावायचं, हा शालूचा ध्यास. या पेशींना दिवसाआड खाऊ घालावं लागतं, म्हणून दुर्गापूजेत सारं शहर मंडपात आणि ही प्रयोगशाळेत. "घरच्या माणसाने स्वतः वाढून घ्यायचं आणि पेशींना मात्र वेळेवर," मी चिडायचो. "तुला हात आहेत, दादा. त्यांना नाहीत," ती म्हणायची.

तिचा एक हट्ट मात्र शेवटी नडला. गोठवलेल्या पेशींच्या नळ्यांवर सगळे आकडे घालतात. ही त्यांच्या वागण्यावरून मराठी नावं द्यायची, आणि अर्थ वहीत लिहायचं राहूनच गेलं. तिथे कुणालाच मराठी येत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात मौमिताने मला बोलावलं. नावं उलगडली नाहीत तर सगळ्या नळ्या फेकाव्या लागणार होत्या, म्हणजे शालूची एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. मौमिता एकेक नळी बाहेर काढत होती आणि मी वाचत होतो. 'हट्टी'. 'रुसकी'. 'उशिरा उठणारी'. 'खादाड', म्हणजे भराभर वाढणारी. मौमिता भराभरा लिहून घेत होती. मी मात्र कितीतरी दिवसांनी मोठ्याने मराठी बोलत होतो.

शेवटच्या नळीवर नुसतं 'दादा' होतं. मागे तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं म्हणून तिने रीतसर सही घेऊन माझं रक्त नेलं होतं, त्यातल्याच या पेशी. ते काम कधीच संपलं होतं. "एटा फेले देबो?" मौमिताने विचारलं, टाकून देऊ का, म्हणून. मी चष्मा पुसून नावाखालचं बारीक अक्षर वाचलं. 'टाकायची नाही.' मौमिताला अर्थ सांगितला, तशी तिने नळी परत गोठवणाऱ्या टाकीत ठेवली. तिथे मी आता शालूच्या मंडळींत आहे. घरी एकटाच असतो.