यावलला लागलेलं गाणं

सुकदेवनानांना शिरपुरात अजूनही माणसं चेहऱ्यावरून पटकन ओळखू येत नाहीत. समोरचा बोलला की लगेच म्हणतात, "अरे, तू तर छगनचा!" टेलिफोन एक्स्चेंज हातांनी चालायचं, तेव्हा ऐन तारुण्यात ते त्या बोर्डापुढे बसत. कानाला हेडफोन, हातात फोन जोडायच्या दोऱ्या, आणि तारांतून अखंड वाहणारी एक गुणगुण. कधी कधी त्यांना वाटायचं, सगळा खानदेश दुपारच्या झोपेत पुटपुटतो आहे.

अशाच एका चैत्रातल्या दुपारी कापसाच्या जिनिंगचे मालक प्रेमराजशेठ घरून फोनवर बोलले आणि रिसीव्हर तसाच बाजूला ठेवून निघून गेले. बोलणं संपलं का, म्हणून सुकदेवने कान दिला, तर पलीकडे कुणी बाई आखाजीचं, अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकींचं, गाणं गात होती. आवाज म्हातारा, पण गोड. त्याला दोरी काढवेना. गाणं थांबलं तसा तो भानावर आला आणि मोठ्याने "हॅलो, हॅलो" करू लागला.

"कोन शे रे?" रिसीव्हर उचलून भिकुबाई दचकून म्हणाल्या. त्या शेठच्या आई.

"एक्स्चेंजमधून सुकदेव, अक्का. फोन खाली ठेवा."

त्यांनी ठेवला नाही. जरा वेळाने हळूच विचारलं, "यावलले लागी का? माले लतासंगे बोलनं शे."

लता त्यांची लेक. शेठचं आणि तिच्या नवऱ्याचं बिनसलं, तेव्हापासून ती माहेरी आली नव्हती. घरात तिचं नाव निघत नसे.

सुकदेवने धुळं मागितलं, धुळ्याने जळगाव, जळगावने यावल. लताच्या सासरी कुणी फोन उचलला आणि तिला केळीच्या बागेतून बोलावून आणलं. "माय?" एवढं ती म्हणाली आणि दोघी गप्प झाल्या. तारा तेवढ्या गुणगुणत राहिल्या.

"शिरपूर, बोलणं चालू आहे का?" जळगावच्या ऑपरेटर बाईंनी विचारलं.

"चालू आहे," सुकदेव म्हणाला. मग हलकेच, "अक्का, मघाचं गाणं म्हणा ना."

भिकुबाई गाऊ लागल्या. दुसऱ्या ओळीला लताने आवाज मिळवला. जळगावच्या बाईंनी मधे तोंड घातलं नाही.

पुढे बिल बघून प्रेमराजशेठ एक्स्चेंजमध्ये आले. "माझ्या घरून यावलला कोण बोललं?"

"तुमच्या आई."

"काय बोलली?"

"बोलल्या काहीच नाहीत, शेठ. दोघी गायल्या."

शेठने बिलाची घडी करून खिशात घातली आणि ते गेले. दोन दिवसांनी तेच यावलच्या एसटीत बसले.

आखाजीला सुकदेवने सायकल मुद्दाम त्या गल्लीतून काढली. निंबाला झोका होता, माहेरवाशिणी गात होत्या. लता कोणती, त्याला कळेना. त्याने क्षणभर डोळे मिटले, आणि मग कळली.

कुणी ओळखायच्या आत तो पायडल मारत निघून गेला.