आधी सांगा, मग टॉर्च लावा

"तोंड उघड," डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि चंद्रपूरच्या भरल्या सभागृहात मी स्टेजवर आ वासून उभी राहिले. त्यांनी माझ्या हनुवटीखाली आधी रुमाल धरला, मग हात. टॉर्च लावली. पुढच्या रांगेतले पाहुणे एकेक करून उठले, माझ्या गालफडात डोकावले, इंग्रजीत काहीतरी बोलले, परत जाऊन बसले.

आणि मी? मी शेवंतीची वेणी माळून गेले होते.

हसा. मलाही हसू येतं. एकोणीसशे ऐंशीच्या पुढची ती वर्षं. अंगानं काडी आणि अक्कल त्याहून बारीक. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर कसा होतो, यावर डॉक्टरांचा अभ्यास चालला होता. गडचिरोलीकडच्या आमच्या गावांत जीप आली की घरोघरच्या बायांना ओट्यावर आणून बसवायचं, हे माझं काम. ते तोंडं पाहायचे. बौद्ध मोहल्ल्यातली सातवी शिकलेली सून जीपमध्ये पुढे बसते म्हणजे काय! मी स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजत होते. आणि रोज सकाळी ही अर्धी डॉक्टरीण थोरल्या जावेसोबत चुलीपुढे बसून, एकाच डबीतला गुडाखू दातांना घासायची. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा घासल्याशिवाय आमचा दिवस उगवत नव्हता.

डॉक्टरांचा लेख परदेशात छापून आला, म्हणून तो सत्कार. मला निरोप आला, तोंड स्वच्छ धुऊन ये. मला वाटलं, फोटो काढणार. मिठानं घासलं, कडुलिंबानं घासलं. टेबलावर एक शाल दिसली. सत्काराची शाल कोणत्या खांद्यावर घ्यायची, याची तालीम मी एसटीतच करून आले होते.

शाल डॉक्टरांना. मला टॉर्च.

सगळं इंग्रजीत चाललं होतं. मग एका मराठी पाहुण्याला ते म्हणाले, "हा पांढरा चट्टा पहिल्या फेरीत एवढा नव्हता. आता पसरलाय."

मी तोंड मिटलं.

"माया तोंडात चट्टा आहे, हे तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

ते रागावले नाहीत. लहान पोराला समजवावं तसं बोलले. "सांगितलं असतं तर तू गुडाखू सोडला असतास. मग हा चट्टा किती वाढतो, ते कळलं असतं कसं?"

सभागृहात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एक पाहुणा अजून पाहायचा राहिला होता. रुमाल पुन्हा पुढे आला. मी तो हातानं बाजूला सारला.

"माया जावेच्या तोंडात आहे का, ते सांगा पहिले."

"ते नंतर पाहू."

म्हणजे होतं.

स्टेजवरून उतरताना नणंदेची मागून आणलेली चप्पल तुटली. अनवाणी बसस्टँड गाठला. वेणी कुठं पडली, माहीत नाही.

घरी आले तर जाऊ गुडाखू घासत बसलेली. डबी फेक म्हटलं, तर हसली. "मोठ्या डॉक्टरनं टॉर्च लावून पाह्यलं नं वं. काई असतं तं बोलला नसता का? चूप राह्यला म्हंजे चांगलंच आहे."

आमच्याकडं सगळ्या बाया हेच धरून चालायच्या. डॉक्टर काही न बोलता उठला की आपण सुटलो. त्या गप्पपणावर विश्वास ठेवून त्या गुडाखू घासत राहिल्या, आणि डॉक्टर मोजत राहिले.

माझा चट्टा गुडाखू सुटल्यावर हळूहळू विरला. जावेच्या गालात गाठ धरली. नागपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. भाताची पेजही उतरेना. एक दिवस तिनं ती डबी स्वतःच माझ्या हातात ठेवली. फेकायला. धान कापणीला ती नव्हती.

त्या अभ्यासाचा पुढं पुष्कळ उपयोग झाला म्हणतात. झाला असेल, मी नाही म्हणत नाही. त्यात माझी जाऊ आहे, एक आकडा होऊन. तिचं नाव यशोदा होतं.

पुढच्या फेरीला जीप आली. ओटा रिकामा. मी एकटी उभी.

"बाया कुठे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरीच आहेत साहेब. तोंडात जे दिसन, ते जिचं तोंड तिले तिथंच सांगाचं, आमच्या बोलीत. कबूल असन तं बोलावतो."

"अशानं अभ्यास खराब होईल."

"होऊ द्या."

त्यांनी जीप फिरवली. मी दुसऱ्या दिवशी बाया एसटीत बसवल्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात नेल्या. प्रत्येकीचं तोंड पाहून होईपर्यंत तिथल्या डॉक्टरच्या खुर्चीशेजारी उभी राहिले, आणि काय दिसलं ते वदवून घेतल्याशिवाय एकीलाही उठू दिलं नाही.

आता माझ्या तोंडात पाहण्यासारखं काही उरलं नाही, दातसुद्धा नाहीत. तरी गावात कोणी टॉर्च घेऊन आलं की मी आधी ओट्यावर जाऊन बसते, काठी आडवी घालून. अट तीच आहे.