धुण्याच्या दगडाला शेंदूर

वर्ध्याला बाहेरची माणसं येत ती सेवाग्राम बघायला. माझा बाप टांगा हाकायचा, म्हणजे आमची चूल याच पाहुण्यांवर पेटायची. स्टेशनावरून आश्रम, मग पवनारची नदी, की परत स्टेशन. वाट ठरलेली. म्हणून एका दुपारी बाप सवारीसकट टांगा घेऊन सरळ आमच्या वस्तीत शिरला, तेव्हा माझं डोकंच सरकलं.

टांग्यातून एक चष्मेवाला उतरला. बोलण्यावरून पुण्याकडचा, खांद्याला कातडी बॅग. बाप म्हणाला, "सायेबांचं आश्रम, नदी, सारं पाहून झालं. कोणी पाह्यत नाई असं काई दाखवा म्हणतेत. म्हटलं, चाला, आमचा विहार पाहा."

आमचा विहार म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. पुण्याचा माणूस ती बघायला येईल, हे मला काही पटेना.

आम्ही सगळे नागपूरला दीक्षा घेऊन आलो त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मी कॉलेजात शिकत होतो तो स्कॉलरशिपवर, आणि बौद्ध झालेल्यांची स्कॉलरशिप बंद होणार अशी बोंब गावभर होती. सरकारची माणसं वस्त्यावस्त्यांतून गुपचूप चौकशी करत फिरतात, असंही म्हणत. कॉलेजच्या कागदावर माझी जुनी जातच लागलेली होती. ती खोडून तिथं बौद्ध लागलं की माझं शिक्षण खलास.

आणि हा बाबा विचारत काय होता? किती घरांनी दीक्षा घेतली, जुन्या देवांचं काय केलं, पोरं कुठवर शिकतात. फिरायला आलेल्या माणसाला ही उठाठेव कशाला? बाप मात्र सासरच्या पाहुण्याला सांगावं तसं सगळं सांगत होता, "देव नदीत सोडले, सायेब." मी मागून त्याचा सदरा ओढला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चष्मेवाल्यानं मला विचारलं, "तू कितवीला?" मी म्हटलं, "मले काई येत नाई." हातात इंग्रजीचं पुस्तक होतं, ते पाठीमागे धरलं.

दोघं विहारात गेले. शेजारच्या मावशीचा पोरगाही स्कॉलरशिपवरच होता. ती आमचं बोलणं दाराआडून ऐकत होती. कुठल्या डबीतून काढला देव जाणे, पण जुना शेंदूर तिनं तेलात कालवला आणि विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडाला फासला. वर एक झेंडूचं फूल. दगडाखालून साबणाचा फेस अजून वाहत होता.

चष्मेवाला बाहेर आला आणि वाकून बघू लागला. "हा कोणता देव?"

"आमचा जुनाच हाय, सायेब," मावशी पदर सावरत म्हणाली. "आमी काई सोडलं नाई."

मावशीच्या पाया पडावंसं वाटलं मला. सुटलो, म्हटलं.

 बापानं विहिरीतून बादली शेंदली, दगडावर ओतली आणि हातानं घासघासून शेंदूर काढायला लागला. तेलातला शेंदूर, लवकर निघेना. मावशी रडायला लागली. दगड स्वच्छ झाल्यावर बाप उभा राहिला.

"धुण्याचा दगड हाय हा. आमी बौद्ध आहो. हा माहा पोरगा, कॉलेजात हाय. याची स्कॉलरशिप बंद करायची असंल तं करा."

तो माणूस गोंधळून गेला. "अहो, मी कसला साहेब? माझं सायकलींचं दुकान आहे. चार दिवस सुट्टी काढून फिरायला आलोय." मग त्यानं मावशीला हात जोडले. मला तेव्हाही त्याचा भरवसा वाटला नाही. टांगा वळणाआड जाईपर्यंत मी त्याच्या बॅगेकडेच बघत होतो.

संध्याकाळी बाप आला तसा मी अंगावर गेलो. "तो खरंच सरकारी निघाला असता तं? काऊन आणला त्याले इथं?"

बाप घोड्याचा पट्टा सोडत होता. "मले तं स्टेशनावरच तो सरकारी वाटला," तो म्हणाला. "म्हणून तं आणला. उगीच दुसऱ्याले विचारत फिरन, अन् लोकं भेऊन काईही सांगतीन."

मी त्या रात्री जेवलो नाही, इतका मला राग आला होता.

पुढच्या जूनमध्ये कॉलेजच्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "धर्म?" बाप तिथं नव्हता. मी बौद्ध सांगितलं. स्कॉलरशिप गेली, आणि बाप रात्रीच्या गाड्यांचीही सवारी घ्यायला लागला.