बायजाची पुढली ओळ

कळव्याच्या आवडाबाईचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. दूध घेताना ती आधी बोट बुडवून चाखायची, लुगडं घेताना दुकानाबाहेर उन्हात नेऊन रंग बघायची, आणि देवळात जाताना एक चप्पल या खांबाशी तर दुसरी त्या खांबाशी काढायची, चोराला जोड मिळू नये म्हणून. तिच्या चपला कधी चोरीला गेल्या नाहीत हे खरं. पण परत येताना दुसरी चप्पल सापडेपर्यंत तिने आजवर किती निरपराध भक्तांना शिव्या घातल्या असतील, ते देवालाच ठाऊक.

तरी गावात तिला मान होता, कारण ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला म्हणतात, आणि तो म्हणणारी ती धवलारीण. मांडवात तिचा शब्द चालतो, नवऱ्याच्या बापाचासुद्धा नाही. आवडाबाई आणि तिची थोरली जाऊ बायजा यांची जोडी होती. बायजाने पुढली ओळ उचलायची आणि आवडाबाईने मागून धरायची. असं उभा जन्म चाललं. पुढच्या ओळी बायजाने कोणाला शिकवल्या नाहीत, जावेलाही नाही. बायजाच्या तोंडून ओळ निघाली की आवडाबाईला तिची ओळ आपोआप यायची; पण बायजा गप्प, तर आवडाबाईही गप्प.

पंच्याण्णव साली बायजाच्या घशाला दुखणं लागलं आणि आवाज गेला. कुजबूज तेवढी राहिली. तिला एकच ध्यास होता, नात गोदाच्या लग्नात धवला पुरा म्हटला जावा. तिने आवडाबाईचा हात गोदाच्या डोक्यावर ठेवून तसा शब्द घेतला. बायजाचा मुलगा गोपीनाथ टेपरेकॉर्डर घेऊन आला, तर आवडाबाई आडवी आली. कॅसेटवाले आधीच आगरी-कोळी गाणी विकून गब्बर झालेत, उद्या आमचा धवला रिक्षात वाजेल, असं तिचं म्हणणं. मग पुस्तक छापायचं ठरलं. पुस्तक कुलपात ठेवता येतं, एवढ्यावर ती कशीबशी राजी झाली.

खाडीपलीकडे, खोपटच्या एस.टी. डेपोमागे फणसळकरांचा छापखाना होता. तिथे अक्षरं आता कॉम्प्युटरवर जुळवायचे. चेंदणी कोळीवाड्यातली मंजुळा हे काम करायची. बायजा तिच्या कानाशी कुजबुजायची, मंजुळा टाइप करायची, आणि अक्षरओळख नसलेली आवडाबाई शेजारच्या खुर्चीवर बसून मंजुळाच्या बोटांवर डोळ्यात तेल घालून पहारा द्यायची. पोर कोळ्यांची, म्हणजे यांच्या लग्नातही गाणी लागणार, हा हिशेब तिने पहिल्याच दिवशी मनात मांडला होता.

टाइप केलेलं जातं कुठे, हे तिने खोदून खोदून विचारलं. मंजुळाने कोपऱ्यातलं एक घरघरणारं खोकं दाखवलं. सगळे कॉम्प्युटर तारांनी त्याला जोडलेले आणि सगळ्यांचं काम त्याच्या पोटात साठवलेलं. त्याला सर्व्हर म्हणायचे. शिवाय दर शनिवारी त्यातल्या कामाची नक्कल फ्लॉपीवर काढून मालक कपाटात ठेवायचे. नक्कल म्हटल्याबरोबर आवडाबाईने खुर्ची सोडली. आमच्या धवल्याची नक्कल काढायची नाही, कागदही छापायचा नाही, छापायचं ते एकदम पुस्तकच. फणसळकरांनी परोपरीने समजावलं. शेवटी गिऱ्हाइकाची मर्जी म्हणून त्यांनी हात टेकले. श्रावणात बायजाचा शेवटचा धवला टाइप झाला आणि पंधरवड्यात बायजा गेली.

पुस्तकाची छपाई दिवाळी अंकांनंतर व्हायची होती; आवडाबाईची फेरी मात्र चालूच राहिली. खंडेनवमीला ती टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घेऊन परस्पर छापखान्यात उतरली. मालक घरच्यांना घेऊन तिकडेच रांगेत होते. मंजुळा एकटीच यंत्रांची पूजा करत होती. छपाईयंत्राला हार, कॉम्प्युटरला झेंडूचं फूल, कातरीलासुद्धा हळदकुंकू. सगळं बंद, फक्त ते कोपऱ्यातलं खोकं घरघरत होतं. आवडाबाईला ते खपेना. खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडायची, त्या दिवशी त्यांना काम लावायचं नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. मंजुळा म्हणाली, मालक हे कधी बंद करत नाहीत, आणल्यापासून चालूच आहे. त्यावर आवडाबाईने डोळे बारीक केले. सणाच्या दिवशी मालकाच्या मागे मशीन चालू, म्हणजे कोणीतरी आतलं काढून घेतंय, दुसरं काय?

मंजुळा कोळीवाड्यातली. सणाच्या दिवशी होडी पाण्यात घालायची नाही, हे तिच्याही घरात पाळायचे. त्यातून समोर धवलारीण. तिने कीबोर्डवरून खोकं रीतसर झोपवलं आणि आवडाबाईने कुंकवाच्या बोटाने त्याचं बटण दाबलं. घरघर थांबली. आवडाबाईने खोक्याला नमस्कार केला आणि समाधानाने खाडीपुलाकडची बस धरली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी बटण दाबलं, तर खोकं उठेना. पंखा फिरे, दिवा लागे, पण आतली हार्ड डिस्क हूं की चूं करेना. बाकी कामांच्या फ्लॉप्या कपाटात होत्या, त्यामुळे नवी डिस्क बसवून छापखाना दोन दिवसांत चालू झाला. दिवाळी अंक सापडला, लग्नपत्रिका सापडल्या, कोणाच्या तरी वरणभाताच्या पाककृतीही सापडल्या. धवले तेवढे नव्हते.

गोपीनाथने काकीला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने सरळ विचारलं, सगळ्या जगाचं सापडलं आणि आमचंच कसं गेलं? नक्कल तुम्हीच काढू दिली नाहीत, हे उत्तर गोपीनाथच्या जिभेवर आलं होतं. काकीचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. मग आवडाबाईने स्वतःच उत्तर शोधलं. गेलं नाही, नेलं. त्या कोळणीच्या पोरीने नेलं.

आणि तिने ते कळव्यात सांगायला सुरुवात केली. आवडाबाई सांगायची म्हणजे नुसतं सांगायची नाही. उभा जन्म मांडवभर बायांना गुंगवून ठेवणारी बाई ती. मालक नसताना ती पोर एकटी कशी होती, यंत्र कसं चालू होतं, आपल्याला बघून कशी दचकली, हे ती असं रंगवायची की ऐकणारीला मंजुळाचे हात खोक्यात दिसायचे. आपण बटण दाबलं, हे त्यात कुठेच येत नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. बटण दाबण्यात काही झालं असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. हळदीला, बारशाला, मासळीबाजारात, जिथे चार बाया भेटल्या तिथे हेच. ती गोष्ट खाडी ओलांडून कोळीवाड्यात गेली, आणि तिथून छापखान्यात. फणसळकर भला माणूस, पण भला माणूसही घाबरतो. ते संध्याकाळी मंजुळाची पिशवी उघडून बघायला लागले. मंजुळा पिशवी स्वतःच टेबलावर उपडी करायची, डबा, छत्री, रुमाल, आणि पुन्हा भरून निघायची.

गोदाचं लग्न मार्गशीर्षातलं. दिवस जवळ यायला लागले तशी आवडाबाईची झोप उडाली. ती एकटी ओटीवर बसून धवला आठवायची. तिची ओळ यायची, पण लंगडी, कशाच्या पाठीवर ठेवायची तेच कळायचं नाही. बायजाला शब्द दिला होता. बायजा मरताना निश्चिंत होती, आणि आता तिच्या नातीला अर्ध्या धवल्यावर नांदायला पाठवायचं. या विचाराने आवडाबाईला घास गिळवेना, आणि जितका घास अडकायचा तितकी तिची जीभ मंजुळावर धारदार व्हायची.

शेवटी गोपीनाथच मालकांच्या मागे लागला, की बंद डिस्क फेकू नका, कोणाला तरी दाखवा. डोंबिवलीहून भगवान नावाचा एक दुरुस्तीवाला आला. आवडाबाई त्याच्या आधी येऊन बसली होती. हा डिस्क बदलेल, ही शंका होतीच. तिने पदराच्या गाठीतलं कुंकू काढून डिस्कवर बोट उमटवलं आणि म्हणाली, आता कर काय करायचं ते. भगवान हसला. पुण्यवान डिस्क आहे म्हणाला.

त्याने वीज जोडून डिस्क कानाशी धरली, पुन्हा सोडवली, पुन्हा धरली. मग म्हणाला, ही मेलेली नाही, चिकटलेली आहे. आत एक गुळगुळीत तबकडी असते आणि तिच्यावरून वाचणारी बारीक सुई. तबकडी फिरत असते तोवर सुई वरच्या वर तरंगते. थांबली की सुई तबकडीवर टेकते. जुनी डिस्क वर्षानुवर्षं फिरत राहिली आणि मग एकदम थंड झाली, की दोन ओल्या काचा चिकटाव्यात तसं होतं. मोटर जोर लावते, पण सुटत नाही.

"ही तर कायम चालू असेल," तो म्हणाला. "बंद कोणी केलेली?"

मालकांनी मंजुळाकडे पाहिलं. आवडाबाईने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. कुंकू अजून होतं त्याच्यावर. खंडेनवमीची ती थांबलेली घरघर तिला आत्ता, या क्षणी ऐकू आली. आता ही पोर नाव घेणार. घेणारच, एवढं सोसल्यावर कोण सोडेल?

"मी केली," मंजुळा म्हणाली.

फणसळकरांच्या कपाळावर आठी पडली. भगवानला या कशाशी देणंघेणं नव्हतं. त्याने डिस्क तळहातावर आडवी धरली आणि मनगटाला असा काही झटका दिला, की आवडाबाई अर्धी उठली. वीज जोडली. काही नाही. दुसरा झटका दिला, जरा जोराचा. डिस्क आधी कण्हली, आणि मग घरघरायला लागली.

आता हात लावू नका, भगवान म्हणाला, परत थांबली तर मी जबाबदार नाही. त्याने सगळं नव्या डिस्कवर उतरवायला घेतलं. पडद्यावर एकेक नाव सरकत होतं. दोन ठिकाणी अडकलं, तेवढा भाग कचरा निघाला. बाकीचं आलं. मंजुळाने हळदीचा धवला उघडला आणि वाचला, "आंब्याच्या डहाली मांडवा आनिल्या."

बायजाचाच शब्द. बायजाच तशी म्हणायची, 'आनिल्या'वर जरा टेकून. आणि आवडाबाईच्या तोंडून, तिने न ठरवता, पुढची ओळ बाहेर पडली, "मांडवा आनिल्या, दारी गो रोविल्या." मग मात्र तिला रडू आवरेना. भगवान डिस्ककडे बघत राहिला, फणसळकर पाणी आणायला गेले.

ते गेलेले बघून तिने मंजुळाचा हात धरला.

"पोरी, माझा नाव का नाय घेतलास?"

मंजुळाने हात सोडवला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

"घेतलं असतं, तर तुम्ही कबूल केलं असतंत?"

आवडाबाईला खोटं बोलता आलं असतं. पण डिस्क नुकतीच सुटली होती, बायजाची ओळ कानात होती, आणि खरं काय ते तिला माहीत होतं. ती थयथयाट करून, बायजाची शपथ घेऊन ही पोर खोटारडी आहे असं सांगत सुटली असती, आणि मालकाला ते पटलं असतं. मालक पाणी घेऊन आले तेव्हा बटण आपण दाबलं हे तिने त्यांना सांगितलं. त्यांनी मंजुळाची माफी मागितली. पिशवी बघणं त्या दिवसापासून बंद झालं.

गोदाच्या हळदीला आवडाबाईने मंजुळाला हट्टाने कळव्याला बोलावलं. तिला आपल्या शेजारी, बायजाच्या जागेवर बसवलं आणि छापलेलं पुस्तक तिच्या हातात दिलं. मांडवात कुजबूज झाली. ही तीच ना? आवडाबाईने हात वर केला. मांडवात तिचा शब्द चालायचा, सगळ्या गप्प झाल्या.

"ही चोर नाय," ती म्हणाली. "मशीन मीच बंद केली. मीच हिच्यावर आल घेतला. खंडोबाची आन घेऊन सांगते."

बायांनी माना डोलावल्या. कोणी म्हणाली, बरं झालं बाई. आणि पुढच्या रांगेतल्या मनुबाईने, आवडाबाईच्या लहानपणच्या मैत्रिणीने, मांडीजवळची दागिन्यांची पिशवी हळूच उचलून मंजुळाच्या बाजूकडून दुसऱ्या बाजूला ठेवली. तिच्या शेजारणीने पाटावरचं बाशिंग जवळ ओढलं. एकजण दुसरीच्या कानाला लागली. आवडाबाईला ऐकू आलं नाही, पण काय ते ऐकायची गरज नव्हती. गोपीनाथला पुस्तक मिळालं म्हणून धवलारीण त्या पोरीला सांभाळून घेतेय, एवढंच असणार. त्या कुजबुजणारीच्या जागी आवडाबाई असती तर तीही तेच म्हणाली असती.

मंजुळानेही पिशवी सरकलेली पाहिली होती. तिने पुस्तक उघडलं आणि बायजाची ओळ म्हटली. आवडाबाईला मागून धरायला जरा उशीर झाला.