आधी पडायला शिकवणारी विजू

विजू गेल्याचं मला कळलं ते सिअ‍ॅटलहून. आम्ही दोघी इथे नेपरव्हिलमध्ये, तिचं घर माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर, आणि बातमी आली कुठून, तर अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून! सकाळी सकाळी माझ्या लेकीचा, सईचा फोन. "आई, तू बसलीयेस ना? कोच विजू..." पुढे नुसतं रडणं. शाळेत असताना ती ज्या चिअरलीडिंगच्या टीममध्ये होती, तिचा अजून फोनवर ग्रुप आहे, त्यावर कुणीतरी टाकलं होतं. मी ओट्यापाशी उभी, कुकरच्या शिट्ट्या होतायत, आणि माझ्या डोक्यात पहिलं काय यावं? तर, मेलीने गुरुवारी थालीपिठांचा डबा नेलाय तो अजून परत दिला नाही... मग तिच्या नवऱ्याचा, प्रभाकरभाऊजींचा फोन आला. चहा टाकायला उठली आणि तिथेच कोसळली, म्हणाले. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. आज त्याला सहा आठवडे झाले. डब्याचा विचार आधी आला म्हणून मी अजून स्वतःवर चिडलेली आहे.

विजया मूळची साताऱ्याची. दोरीच्या मल्लखांबावर वाढलेली, राज्य पातळीवर खेळलेली. लग्न करून भाऊजींबरोबर इथे आली आणि या सपाट गावात तिला चढायला काही सापडेना. मंडळाच्या गणपतीत मोदक वळायला बसवलं की तिचे मोदक फुटायचे, आम्ही हसायचो, तीही हसायची. एकदा सईला चिअरच्या जिममध्ये सोडायला निघाले होते, तर म्हणाली, "चल, मीही येते, घरी काय करू?" चिअरलीडिंग म्हणजे झगमगीत स्कर्ट घालून गोंडे हलवणं, अशीच आम्हा दोघींची समजूत. तिथे बघतो तर पोरी एकमेकींच्या तळहातांवर उभ्या, सगळ्यात वरची हवेत गिरकी घेऊन खाली येतेय आणि खालच्या तिला झेलतायत. विजू काचेला नाक लावून बघत राहिली. "अगं मंदे, हे तर मनोरे आहेत!" आणि थोड्या वेळाने, गंभीर होऊन, "पण यांना पडायला कुणी शिकवलेलंच नाहीये." पुढच्या आठवड्यात तिने हेच आपल्या सातारी इंग्रजीत जिमच्या मालकिणीला जाऊन सांगितलं. बाईला आधी राग आला, मग तिने विजूला एक तास देऊन पाहिला. दोन वर्षांत विजू स्पर्धेच्या टीमची कोच झाली होती.

तिची पद्धत ठरलेली. नवी मुलगी आली की पहिला महिना वर चढणं नाही, फक्त पडणं. हात आखडून, मान छातीशी घेऊन, कुशीवर, पाठीवर, शंभर वेळा. मॅटवर पाय ठेवण्याआधी हाताने मॅटला शिवायचं आणि तो हात कपाळाला लावायचा. सोनेरी केसांच्या त्या पोरी कसलाही प्रश्न न विचारता हे करायच्या. आणि कुणी पडलं की विजूचा खणखणीत आवाज घुमायचा, "ऊठ, बाळा!" अर्थ सईखेरीज कुणालाच माहीत नव्हता, पण पोरी उठायच्या. बाई होती मात्र कडक हं! पाच मिनिटं उशीर झाला तर जिमला दहा फेऱ्या. सई घरी येऊन रडायची आणि मी मनातून खूश व्हायची. म्हटलं, शेवटी या देशात एक तरी मास्तरीण भेटली!

आणि मग टीव्हीवाले आले. मुलींच्या टीमवर रिअ‍ॅलिटी शो करायचा होता. जिममध्ये कॅमेरे, वायरी, दिवे, आणि सगळ्या आया एकदम केस सेट करून यायला लागल्या. त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू? एक गोड बोलणारी तरुण मुलगी मला खुर्चीत बसवून विचारू लागली, तुमच्या कोचबद्दल सांगा. मला तर आभाळ ठेंगणं झालं. वाटलं, आता असं कौतुक करते की बघत राहतील. मी सांगितलं की माझ्या वडिलांनी मला शाळेत घातलं तेव्हा ते गुरुजींना म्हणाले होते, 'मास्तर, डोळे तेवढे राखा, बाकी चामडी तुमची.' आमची विजू तशी शिक्षिका आहे, असं मी हसत हसत, हातवारे करत, चांगल्या स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "लव्हली!" आपल्याकडे शिक्षकाची यापेक्षा मोठी स्तुती असते का, तुम्हीच सांगा. पण मी कुठे बसून बोलतेय, याचं भान मला असायला हवं होतं.

पहिला भाग बघायला सगळे माझ्या घरी जमले. मी बटाटेवडे केले होते. पडद्यावर ढोलासारखं काहीतरी वाजलं आणि विजूचा चेहरा आला, इतका जवळून की कपाळावरच्या आठ्या मोजाव्यात. मग मॅडी आली. ही चौदा वर्षांची पोर, मनोऱ्याच्या टोकावर उभी राहणारी, टीमची लाडकी. विजू तिला सांगतेय, "तू आता वर जायचं नाहीस." मॅडी ढसाढसा रडतेय. का, कशासाठी, काही नाही. आणि लगेच पडद्यावर मी! खदखदा हसत सांगतेय, डोळे राखा, बाकी चामडी तुमची. पुढे एक छोटी मुलगी पडली, विजू म्हणाली, "ऊठ, बाळा," आणि खाली अक्षरं उमटली, 'परक्या भाषेत ओरडते.' खोलीत कुणाला कुणाकडे बघवेना. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. विजू सोफ्यावर मांडीवर बशी घेऊन बसली होती. तिने उरलेला वडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मंदे, वडे झकास झालेत हो."

पुढचे दिवस वाईट गेले. ओळखदेख नसलेली माणसं इंटरनेटवर तिला राक्षसीण म्हणत होती. चार-पाच आयांनी मुली काढून घेतल्या. मालकिणीने विजूला स्पर्धेच्या टीमवरून बाजूला करून चिमुरड्यांचा शनिवारचा क्लास दिला. मी तिच्या घरी जाऊन रडले. म्हटलं, "मी लिहिते त्यांना, सगळ्यांना सांगते. फक्त मला सांग, मॅडीला का उतरवलंस तू?" ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "ते मी सांगायचं नाही." मी भडकलेच. "अगं, तुझं नाव मातीत चाललंय, कळतंय का तुला?" तर शांतपणे म्हणाली, "माझी पन्नाशी उलटलीय, मला काय होतंय? पोर चौदाची आहे. तिचं तिने ठरवू दे, कधी सांगायचं ते." आणि मग माझ्या पाठीत एक धपाटा घालून, "तू रडू नकोस. तू कौतुकच केलंस, मला कळलं की! पण यापुढे कॅमेऱ्यापुढे म्हणी नकोत हं, बाई." त्यानंतर मंडळात माझ्या हाती माईक आला की मागून तिचा आवाज ठरलेला, "मंदे, म्हण नको!" सगळे हसायचे. मीही हसायची, पण आत काटा सलत राहायचा तो राहायचाच.

वर्षभराने तेच टीव्हीवाले परत आले होते. मॅडीची कॅमेऱ्यासमोर माफी मागा, म्हणाले, लोकांना आवडेल, तुमचं नावही साफ होईल. विजूने त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. अकरा वर्षं ती दर शनिवारी पाच-सहा वर्षांच्या पोरींना पडायला शिकवत राहिली. आणि दर गुरुवारी माझ्याकडून थालीपिठं न्यायची. "माझी तुझ्यासारखी होत नाहीत," म्हणायची. मला वाटायचं, भाऊजींना आवडत असतील.

तिची शोकसभा जिममध्येच झाली. जुन्या मुली कुठून कुठून आल्या होत्या. मॅडी समोर आली, आता पंचविशीची, त्याच जिममध्ये कोच. तिच्या हातात माझा डबा होता, घासून लख्ख केलेला. "मंदा मावशी, हा तुमचा ना?" आणि मग सगळ्यांसमोर तिने सांगितलं. टोकावर उभं राहायला हलकं राहावं लागतं म्हणून तिने तेव्हा खाणं जवळजवळ सोडलं होतं, चक्कर यायची, आणि ती ते लपवायची. ते फक्त विजूने ओळखलं. कोणाला सांगू नका म्हणून मॅडीने हात जोडले, तर विजू म्हणाली, आईला आणि डॉक्टरला सांगावंच लागेल, बाकी कुणालाही कळणार नाही. आणि वर मात्र जायचं नाही. डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. नंतर दर शनिवारी गाडीत शेजारी बसून एक-एक घास खायला लावायची... माझं थालीपीठ. मॅडी बरी झाली तरी ती सवय सुटली नाही, शेवटच्या शनिवारपर्यंत. मी तिथे खुर्चीत बसून लहान मुलासारखी रडले, आणि खरं सांगते, विजूचा वाटला तितका अभिमान मला माझ्या पोटच्या पोरीचाही कधी वाटला नव्हता. हे लिहू का, असं मॅडीला विचारलं. म्हणाली, "लिहा. तेव्हा मी चौदाची होते."

गेल्या शनिवारी डबा भरून जिममध्ये गेले. चिमुरड्यांचा क्लास आता मॅडी घेते. पोरी ओळीने मॅटला शिवून हात कपाळाला लावत होत्या. एक इवलीशी घसरून आपटली, ओठ थरथरायला लागले, आणि मॅडीचा खणखणीत आवाज घुमला, "ऊठ, बाळा!" काचेपाशी माझ्या शेजारी एक नवीन आई उभी होती, ती दचकली. मला विचारलं, "ती काय ओरडली?"

"ओरडली नाही," मी म्हटलं. "'ऊठ गं, माझ्या लेकरा,' असं म्हणाली."

एवढंच सांगितलं. म्हण नाही सांगितली.