शेळी मळमड्डीत आली तेव्हा

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मी मुलांना शिकवायचं नाव काढलं नव्हतं. हायस्कुलात तीस वर्षं भूमिती शिकवली, तेवढं पुरे झालं होतं. पण गेल्या एप्रिलमध्ये शेजारच्या अक्का आमचं फाटक ढकलून आत आल्या आणि म्हणाल्या, "टीचर, आमची नात मराठी बोलते फडाफडा. लिही म्हटलं की कन्नडात लिहून देते. सुट्टीत जरा बसवा की तिला."

एका नातीला बसवायचं ठरलं होतं. पण मळमड्डीतल्या आमच्या गल्लीत बातमी पसरायला एक सकाळ पुरते. सोमवारी व्हरांड्यात सात मुलं येऊन बसली. सगळ्यात धाकटी अक्कांची नात, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली.

काय शिकवायचं ते मला ठाऊक नव्हतं. घरात एक चित्रांचं पुस्तक पडून होतं, लेकीनं पुण्याहून कधीतरी आणलेलं. त्यात एकही अक्षर नव्हतं. एक पांढरी शेळी दावं तोडते, गावभर हिंडते आणि दिसेल ते खाते. कुणाची टोपी, पोस्टमनच्या हातातलं पत्र, भिंतीवरचं पोस्टर. शेवटच्या पानावर ती पोट फुगवून झोपलेली. मला वाटलं, हे सोपं आहे. मुलांनी चित्रं बघावीत आणि गोष्ट लिहावी.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर तीन ओळी आखल्या. सुरुवात, मधला भाग, शेवट. मुलांनी माना डोलावल्या आणि लिहायला बसली. अर्ध्या तासानं मी सात वह्या गोळा केल्या. सातही वह्यांत एकच गोष्ट: 'एक शेळी होती. तिने टोपी खाल्ली. तिला आनंद झाला.' शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा सारख्या. मी वाचता वाचता जांभई दिली, ती मुलांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी अक्कांच्या नातीनं हात वर केला. "टीचर, शेळी आमच्या गल्लीत आली तर चालतं काय?"

"चालतं की."

"आणि खरं लिहायचं की खोटं?"

आता वाटतं, तिथं मी जरा थांबायला हवं होतं. पण उत्साहाच्या भरात मी नियम करून टाकला. शेळीनं काय वाटेल ते करावं, पण प्रत्येक गोष्टीत एक तरी गोष्ट खरी हवी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. बाकीच्यांनी ती ओळखायची.

त्या दिवशी व्हरांड्यात चिडीचूप शांतता होती. पेन्सिली नुसत्या धावत होत्या.

अक्कांच्या नातीची शेळी हुबळीच्या बसमध्ये चढली होती. आमच्याकडे सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नसतं, म्हणून शेळीलाही नव्हतं. पण कंडक्टरनं पुरावा म्हणून आधार कार्ड मागितलं आणि शेळी म्हणाली, "मी ते कालच खाल्लं."

मुलं हसून लोळली. "यात खरं काय?" मी विचारलं.

"कंडक्टर ओरडला ते," ती म्हणाली. "आमच्या अज्जीला ओरडला. अज्जी कार्ड विसरली होती आणि मला म्हणाली, घरी सांगू नकोस."

मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. मी झाले नाही. उलट मला मजा वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मुलांना टोचायला लागले. "मग शेळीनं आत जाऊन काय पाहिलं? अजून आत जा की. स्वयंपाकघरात कोण होतं?" वरवर मी कथालेखन शिकवत होते. खरं सांगायचं तर मला गल्लीतल्या घराघरातलं कळत होतं आणि ते मला हवं होतं.

कोपऱ्यावरच्या वकिलांचा मुलगा आठ वर्षांचा. त्याची शेळी वकिलांच्या घरात शिरली आणि केसची फाइल खाऊ लागली. वकील लुंगी नेसून झोपाळ्यावर बसले होते, आंबा चोखत. फोन वाजला. वकील फोनवर म्हणाले, "मी आत्ता कोर्टातच उभा आहे." शेळीला एवढं हसू आलं की फाइल घशात अडकली.

खरं काय, ते कुणाला विचारावं लागलं नाही.

मग एक दिवस सायकल शिकणाऱ्या एका मुलाची वही माझ्या हातात आली. त्याचे वडील त्याला सकाळी केलगेरीच्या तळ्याकडे सायकल चालवायला नेतात. त्याची शेळी तळ्याकडे गेली होती. 'तिथे टीचरचे अज्जा गाडीवर गिरमिट खात होते. दोन मिरची भजी पण होती. शेळी म्हणाली, मी टीचरला सांगणार. अज्जांनी तिला एक भजी दिली. मग शेळी गप्प बसली.'

टीचरचे अज्जा म्हणजे माझे यजमान, आणि गिरमिट म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे मसालेदार चुरमुरे. डॉक्टरांनी तेलकट बंद केल्यापासून रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारतात, निदान मला तसं सांगतात. मी त्यांच्यासाठी नेमानं बिनतेलाची भाजी करत होते आणि वजन का उतरत नाही म्हणून काळजीत होते.

"भजी खरंच दिली?" मी मुलाला विचारलं.

"अर्धीच दिली मला," तो म्हणाला. "शेळीला एक दिली असं मी वाढवून लिहिलं."

मी घरात एक शब्द बोलले नाही. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पालकांना बोलावून मुलांनी गोष्टी वाचायच्या, असं ठरवून टाकलं. यजमानांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली. खायला काय ठेवायचं असा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "गिरमिट सांगूया. केलगेरीच्या बाजूला एक जण चांगलं करतो म्हणे."

"म्हणे?"

"ऐकून आहे," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

रविवारी व्हरांडा भरला. वकील इस्त्रीचा शर्ट घालून आले. अक्का मोगरा माळून पुढच्या बाकावर बसल्या. मी नियम समजावून सांगितला. प्रत्येक गोष्टीत एक खरी गोष्ट आहे, ती तुम्ही ओळखायची. लोक कौतुकानं हसले.

वकिलांच्या मुलानं गोष्ट वाचली. वकिलांच्या बायकोनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. "फोन खरा!" हशा पिकला. वकील उठून म्हणाले, "साक्षीदार अल्पवयीन आहे," पण त्यांचे कान लाल झाले होते.

मग सायकलवाला उभा राहिला. तो 'दोन मिरची भजी पण होती'पर्यंत पोहोचला आणि मी यजमानांकडे पाहिलं. त्यांच्या हातात गिरमिटाची बशी होती. ती त्यांनी हळूच खुर्चीखाली सरकवली.

"खरं काय असेल बरं?" मी मोठ्यानं विचारलं.

"तळं," यजमान म्हणाले. "तळं खरं आहे."

त्या क्षणाइतकं समाधान मला तीस वर्षांत एकाही निकालाच्या दिवशी झालं नव्हतं.

शेवटी अक्कांची नात. तिची वही मी पूर्ण तपासली नव्हती. मागितली की ती म्हणायची, "शेळी अजून बसमध्येच आहे, टीचर." आता ती वाचायला लागली. बसमध्ये बसायच्या आधी शेळीला भूक लागली. ती टीचरच्या मागच्या दाराशी गेली. 'तिथे दर मंगळवारी टीचर गायीला अख्खा दुधी देतात. तो दुधी आमच्या अज्जीनं टीचरला दिलेला असतो. टीचर गायीला म्हणतात, खा बाई, तूच खा, माझी सुटका कर.'

अक्का गच्चीवर दुधी लावतात. त्या दर सोमवारी एक मला देतात, मी तोंडभरून आभार मानते, आणि मंगळवारी तो गल्लीत फिरणाऱ्या गायीच्या पोटात जातो. हे मी माझ्या यजमानांनाही सांगितलेलं नव्हतं.

कुणी हात वर केला नाही. यजमान मात्र पुढे वाकले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "खरं काय असेल बरं?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "अक्का, चुकलं माझं. मला दुधी आवडतच नाही. तुम्हाला कसं सांगायचं, कळत नव्हतं."

"टीचर," अक्का सावकाश म्हणाल्या, "आमच्या घरात तरी कोण खातंय? वेल आपोआप वाढतो. टाकवत नाही म्हणून तुम्हाला देत होते. तुम्ही एवढ्या खूश व्हायचा की मला वाटलं, निदान एका घरी तरी खातायत."

मग त्या हसल्या, आधी तोंडावर पदर धरून आणि नंतर पदर सोडून. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. नात वही धरून उभीच होती. "अजून दोन पानं आहेत," ती रागावून म्हणाली. "शेळी हुबळीला पोचायची आहे."

आम्ही गप्प बसलो आणि शेळीला हुबळीला पोचू दिलं.

दुधी आता अक्का थेट गायीलाच घालतात. वकील फोन घ्यायला गच्चीवर जातात. यजमान तळ्याला जातात तेव्हा मीही बरोबर जाते आणि फेऱ्या मोजते. तिसऱ्या फेरीला ते माझ्याशी बोलत नाहीत.

शाळा सुरू झाल्यावर वर्ग रविवारी ठेवला. मुलं कमी होतील असं वाटलं होतं, उलट अकरा झाली. परवा एक नवीन आई मुलाला सोडायला आली. फाटकाशीच वाकून ती त्याला दटावत होती, "घरातलं काही लिहायचं नाही हं. फक्त शेळीचं लिही." पोरानं शहाण्यासारखी मान हलवली, आत येऊन बसला आणि नवी कोरी वही उघडून पहिलं वाक्य लिहिलं:

'शेळीची आई म्हणाली, घरातलं काही सांगायचं नाही.'